चिठ्ठी कोण उचलतं?

त्या मंगळवारी टँकर आला. अक्कानं चिठ्ठ्या काढल्या. मग ती कॉलनीच्या सभागृहात गेली आणि तोंड उघडून बसली. तिथं तोंडाच्या तपासणीला आलेल्या एका मुलीनं फोननं तिच्या तोंडाचा फोटो काढला. फोननं सांगितलं, दवाखान्यात दाखवा.

मी तेव्हा अंगणात ड्रमवर झाकण ठेवत होते. अक्का हसत परत आली. म्हणाली, "त्या फोनला माझा गाल काही पसंत पडला नाही."

अक्का माझी थोरली बहीण. जिल्हा परिषदेच्या शाळांत तिनं आयुष्यभर गणित शिकवलं. भावजी गेल्यावर ती गारखेड्याला माझ्याकडं राहायला आली. मी लग्न केलं नाही. औरंगपुऱ्यातल्या एका वाचनालयात नोकरी केली आणि तिथूनच निवृत्त झाले. अक्काचा मुलगा पुण्याला असतो. घरात आम्ही दोघीच, आणि माझी पुस्तकं. पुस्तकांना अक्का 'धुळीची वसाहत' म्हणायची.

फोटो काढायच्या आधी त्या मुलीनं विचारलं होतं, "काकू, तंबाखू खाता का?" अक्का म्हणाली, "छे." ती खोटं बोलली नव्हती. आमच्या घरात मिश्रीला कुणी तंबाखू म्हटलंच नाही. आई तव्यावर पानं काळी होईतो भाजायची, कुटायची, वस्त्रगाळ करायची आणि सकाळी आम्हा पोरींच्या तळहातावर चिमूट ठेवायची. ते दात घासणं होतं. मला त्यानं चक्कर यायची, म्हणून मी सुटले. अक्काला कधी चक्कर आली नाही. शाळेत तंबाखू सोडण्याची शपथ असायची तेव्हा पोरांकडून ती म्हणून घ्यायला अक्काच पुढं उभी राहायची, सकाळी मिश्री लावून. मुलीनं पुढं विचारलं, "मिश्री?" तेव्हा अक्का म्हणाली, "ती लावते की. दातांसाठी."

फोटोवरून आजार कळतो हे मला पटलं नव्हतं. त्या मुलीनं अक्काला समजावून सांगितलं होतं की या फोनला पुष्कळ तोंडांचे फोटो दाखवून शिकवलंय, कुठला चट्टा साधा आणि कुठला नाही ते. मला वाटलं, कुठल्या तरी दवाखान्याला गिऱ्हाइकं हवी असणार. आमच्या कॉलनीत फुकट तपासणी करायला येणारे पाणी शुद्ध करायचं यंत्र विकूनच परत जायचे. मी अक्काला म्हटलं, "जाऊ नकोस. काही नाही निघायचं, आणि निघालं नाही तरी काहीतरी काढतील."

"निघालं नाही तर मी त्या फोनला नापास करीन," अक्का म्हणाली आणि गेली. फोन पास झाला.

पण त्याआधी चिठ्ठ्यांबद्दल सांगितलं पाहिजे, कारण पुढचं सगळं माझ्या मनात त्या चिठ्ठ्यांमुळंच घडलं.

मी हे घर घेतलं तेव्हा मागच्या भिंतीपलीकडं ज्वारीचं रान होतं. मग बायपासच्या बाजूनं इमारती वाढत वाढत आमच्यापर्यंत आल्या. त्यांची बोअर आमच्या बोअरच्या कितीतरी खाली गेली आणि आमची आटली. जायकवाडीचं पाणी नळाला यायचं ते आठवड्यानं, कधी त्याहून उशिरानं. लागोपाठ पाऊस कमी झाला त्या वर्षांत उन्हाळाभर टँकरवरच होतो. टँकर गल्लीत उभा राहायचा आणि पाइप घरोघर फिरायचा. पहिल्या घराचे ड्रम काठोकाठ भरायचे. शेवटच्या घराला तळाचं गढूळ यायचं, आणि तेही अर्धं. मग क्रमावरून भांडणं सुरू झाली. दोन बायका पाइप ओढत एकमेकींच्या अंगावर गेल्या त्या दिवशी ठरलं, चिठ्ठ्या टाकायच्या. आणि चिठ्ठ्या काढणार अक्का. गणिताच्या बाई, त्यात परगावाहून आलेल्या, कुणाच्या नात्यातल्या ना गोत्यातल्या.

मिश्रीच्या रिकाम्या पत्र्याच्या डब्यात ती चिठ्ठ्या ठेवायची. डोळे मिटून एकेक काढायची आणि घर क्रमांक मोठ्यानं वाचायची. चिठ्ठ्यांना मिश्रीचा वास यायचा. शेजारच्या काकू म्हणायच्या, "पाणी भरायच्या आधी दात घासून होतेत आमचे."

चिठ्ठ्यांच्या घड्या घालायला मी तिला मदत करायचे. एकदा माझ्या लक्षात आलं की एका चिठ्ठीचा कोपरा तिनं आत दुमडलाय. दिसत नव्हता, पण बोटाला लागत होता. त्या घरी नुकतंच बाळंतपण झालं होतं. दुपारी पहिली चिठ्ठी त्याच घराची निघाली. पुढं एका घरी म्हातारबुवा अंथरुणाला खिळले, तर त्यांचा कोपरा. एका घरी लग्न होतं, तेव्हा मात्र नाही. लग्नाला पाणी विकत आणावं, असं तिचं मत होतं. आमच्या घराची चिठ्ठी तिनं कधी दुमडली नाही. उलट आमचं घर बहुतेक शेवटीच निघायचं. त्याचंही काही तंत्र असावं, असा मला संशय होता.

कॉलनीचे सेक्रेटरी काका एस.टी.तून निवृत्त झालेले. कंडक्टर होते, कुणी तिकीट चुकवलं तर चेहऱ्यावरून ओळखायचे. एकदा ते सगळ्यांसमोर म्हणाले, "बाई, तुमच्या बोटाला डोळे हायत काय? बाळंतिणीचं घर बरोबर पहिलं निघतंय."

"देवाच्या बोटाला असतील," अक्का म्हणाली. "तुमची तक्रार आहे का, काका? परत काढते."

"तक्रार नाय. लई बरं झालं म्हणतो. फक्त मला कळतंय, येवढं ध्यानात ठेवा."

घरी आल्यावर मी तिला विचारलं, हे बरोबर आहे का. ती म्हणाली, "चिठ्ठी म्हणजे न्याय नव्हे गं. चिठ्ठी म्हणजे भांडण मिटवणं. न्याय आपण थोडा आत घालायचा." तिच्याइतकी सरळ बाई मी पाहिली नाही. वर्गातल्या फळ्यावरचा खडू घरी आणला तर परत नेऊन ठेवणारी. आणि ती हे करत होती. तेव्हापासून एक गोष्ट माझ्या मनात पक्की बसली: जिथं जिथं चिठ्ठी आहे, तिथं कुणाचं तरी बोट आहे.

अक्काच्या गालातला तुकडा तपासायला गेला आणि कॅन्सर निघाला. ऑपरेशन झालं, शेक झाले. रेडिएशनला आमच्याकडं शेकच म्हणतात. तिचा आवाज जाड झाला, तोंड पूर्वीसारखं उघडेना. पण ती उठली, हिंडू लागली. मिश्री सुटली होती. सकाळी ती नुसतंच बोट हिरड्यांवरून फिरवायची आणि माझ्याकडं पाहून हात मागं घ्यायची. पुढच्या वर्षी मानेत गाठ आली. या वेळी कापता येणार नव्हती.

दवाखान्यातल्या डॉक्टर बाई वयानं लहान होत्या. कमी बोलायच्या, आणि बोलताना पेनचं टोपण उघडायच्या, लावायच्या. त्यांनी आम्हाला समोर बसवलं आणि सांगितलं की एक नवं औषध आहे. ते कॅन्सरला मारत नाही. शरीराची स्वतःची जी राखण करणारी फौज असते, तिला जागं करतं. जगभर ते देतात. पण त्याची किंमत अशी की आपल्याकडं फार थोड्यांना ते पुरवता येतं. आता काही डॉक्टरांना असं वाटतंय की इतकं औषध मुळात लागतच नाही. त्याच्या थोड्याशा हिश्श्यातही तेवढाच गुण येत असेल. ते तपासण्यासाठी संशोधन चाललंय. काही रोग्यांना पूर्ण मात्रा, काहींना छोटी. दोन्हीकडं औषध फुकट. कुणाला कुठली, हे चिठ्ठीसारखं ठरतं. रोग्याला कळत नाही आणि डॉक्टरांनाही कळत नाही.

 पण माझ्या कानात एकच गोष्ट राहिली: कमी दिलं तरी चालतं. हे वाक्य आमच्या शहरात मी जन्मभर ऐकत आले होते. नळाला रोज पाणी कशाला, दिवसाआड चालतं. दिवसाआड कशाला, चौथ्या दिवशी चालतं. साठवून ठेवा, काटकसर करा, आणि चालवून दाखवलं की तेच कायमचं होतं. आता औषधाचंही तसंच. छोटी मात्रा पुरते की नाही, हे तपासायला आमचीच माणसं सापडली. ज्यांना पूर्ण परवडतं, त्यांच्यावर कोण तपासणार?

अक्कानं मात्र विचारलं, "चिठ्ठी कोण उचलतं?"

डॉक्टर बाई म्हणाल्या, "कॉम्प्युटर, काकू. तोही इथला नाही, दुसऱ्या शहरातला. मी तुमचं नाव घालते, तिकडून एक आकडा येतो. तो आकडा औषध तयार करणाऱ्याकडं जातो. तो तेवढं औषध सलाईनच्या पिशवीत घालतो. पिशवी बाहेरून सगळ्यांची सारखीच."

"म्हणजे तुमचा हात कुठंच लागत नाही?"

"नाही."

"बरं आहे," अक्का म्हणाली. "हात लागला की दया येते."

डॉक्टर बाईंना ते कळलं नाही. मला कळलं, आणि माझा त्यांच्यावर विश्वास बसला नाही.

संमती घेताना कॅमेरा लावतात. रोग्यानं सगळं समजून होकार दिला, याचा पुरावा. त्यांनी अक्काला सांगितलं की तुम्हाला काय समजलं ते तुमच्या शब्दांत सांगा. अक्कानं पदर सारखा केला, खुर्ची कॅमेऱ्याकडं वळवली आणि जाड झालेल्या आवाजात तास घेतल्यासारखी सुरू झाली. "समजा, एका गल्लीत टँकर आलाय. पाणी थोडं आहे, घरं जास्त. आपल्याला शोधायचंय की माणसाला रोज किती पाणी पुरतं. काही घरांना ड्रमभर द्यायचं, काहींना कळशीभर. पण ड्रम कुणाला, कळशी कुणाला, हे आपण ठरवलं तर आपण आजाऱ्यालाच ड्रम देऊ. मग आजारी बरा झाला नाही तर म्हणू, ड्रमनं गुण येत नाही. हिशोब चुकला. म्हणून चिठ्ठी टाकायची, आणि चिठ्ठीत कुणी बोट घालायचं नाही." एवढं बोलून ती थांबली. "कळलं का?" तिनं कॅमेऱ्याला विचारलं.

डॉक्टर बाई पहिल्यांदा हसल्या. म्हणाल्या, "काकू, हे मी पुढच्या पेशंटना दाखवू का?"

"दाखवा. पण माझं डोकं विंचरलेलं नाही आज."

रिक्षातून परत येताना मी तिला म्हटलं, "इतकी वर्षं कोपरे दुमडलेस आणि आता म्हणतेस बोट घालायचं नाही."

"तिथं मला पाणी वाटायचं होतं," ती म्हणाली. "इथं त्यांना खरं शोधायचंय. दोन्हीला एकच डबा चालत नाही."

पुण्याहून भाच्याचा फोन आला. त्यानं इंटरनेटवर पुष्कळ वाचलं होतं. "मावशी, हे आईवर प्रयोग करतायत. सरळ विचार, कुठला डोस आहे."

"त्यांनाही माहीत नाही, म्हणतात."

"असं कुठं असतं का? कुणाला तरी माहीत असतंच."

हेच तर माझंही म्हणणं होतं. फक्त तो मोठ्यानं बोलत होता.

दर काही आठवड्यांनी औषध असायचं. मी पिशवीकडं पाहत बसायचे. पिशवी खरंच सारखी होती. मी थेंबांचा वेग पाहायचे, शेजारच्या रोग्याचं आधी संपलं का, ते पाहायचे. औषध आणणारी नर्स अक्काची पिशवी लावताना माझी नजर चुकवते, असं मला वाटायचं. बहुधा ती सगळ्यांचीच चुकवत असेल. तिला कामं होती. अक्का डोळे मिटून पडायची आणि म्हणायची, "तू वाचायला काही आण गं. तुझ्या बघण्यानं सलाईन थांबेल."

मग तिच्या अंगावर पुरळ उठलं. पाठभर, दंडांवर. खाजवून ती बेजार झाली. मी वाचलं होतं की फौज जागी झाली की कधी कधी आपल्याच माणसांवर चालून जाते, आणि पुरळ ही त्याची खूण. मी भाच्याला फोन केला. तो इतक्या दिवसांनी पहिल्यांदा आनंदानं बोलला. "म्हणजे पूर्ण डोस आहे! मावशी, कमी डोसनं एवढं होणार नाही." पुढं थायरॉइड बिघडलं. रोज सकाळी गोळी सुरू झाली. आम्ही दोघांनी तेही चांगल्या बातमीसारखं घेतलं. घरात एक बाई खाजवते आहे, थकून बसते आहे, आणि तिची बहीण आणि मुलगा मनात पेढे वाटतायत.

डॉक्टर बाईंना मी आडून विचारलं. त्यांनी टोपण लावलं. म्हणाल्या, "छोट्या मात्रेतही होतं हे, काकू. त्यावरून काही ओळखता येत नाही. मीही नाही ओळखू शकत."

मला वाटलं, ओळखता येऊ नये म्हणूनच असं सांगतायत.

गाठ मात्र खरंच लहान झाली. अक्का दुधात भिजवलेली भाकरी खाऊ लागली. फाल्गुनात तिनं मागच्या दारी तुळस लावली, आणि मी ओरडले तर म्हणाली, "भांडी विसळलेलं पाणी घालते. तुझं पिण्याचं नाही घालत." मानेची सूज उतरल्यावर तिच्या गळ्याचा आकार पुन्हा आमच्या आईसारखा दिसू लागला. त्या दिवसांत मी थोडी निवांत होते. संशय होता, पण तो खिडकीत ठेवलेल्या वस्तूसारखा होता, रोज हात लावायची गरज नव्हती.

उन्हाळा आला, टँकर सुरू झाले. अक्का हट्टानं डबा घेऊन गल्लीत आली. तिला पाहून सेक्रेटरी काका पुढं झाले. "बाई, आज चिठ्ठी नाय. आज तुमचं घर पहिलं. कॉलनीचं ठरलंय."

"कुणी ठरवलं?"

"समद्यांनी."

"मग समद्यांनी मला डबा कशाला दिला? चिठ्ठी निघंल तसं."

"बाई, ऐका की. आजारी माणसाला पाणी लागतं. तुमीच तर..." एवढं बोलून काका थांबले. त्यांनी इकडंतिकडं पाहिलं. "जाऊ द्या. काढा."

अक्कानं डोळे मिटले. बोटं डब्यात फिरली. पहिली चिठ्ठी तिनं उघडली आणि वाचली नाही. नुसती धरून उभी राहिली. मग माझ्याकडं पाहिलं. चिठ्ठी आमच्या घराची होती.

घड्या त्या दिवशी मी घातल्या होत्या. सगळ्या सरळ घातल्या होत्या. मी मान हलवून नाही म्हटलं. गल्लीत सगळे हसले, काका म्हणाले, "बघा, देवालाच कळतंय." आमचे ड्रम काठोकाठ भरले. घरात आल्यावर अक्कानं ती चिठ्ठी पुन्हा उलगडली, कडा बोटानं चाचपल्या.

"तू दुमडलीस."

"नाही, अक्का."

"मग एवढ्या वर्षांत आजच कशी?"

"कधीतरी निघणारच ना. गणित तुझं आहे."

तिनं चिठ्ठीची घडी घालून ती डब्यात टाकली. तिनं नंतर हे कधी काढलं नाही. पण तिला माझं म्हणणं पटलं नाही. तिच्या डोळ्यांत मी पाहिलं. इतकी वर्षं ती जे दुसऱ्यांसाठी करत होती, ते आपल्यासाठी कुणी तरी केलंय, असंच ती समजली. मी पुरावा काय देणार? सरळ घडी घातलेला कागद काहीच सिद्ध करत नाही.

पावसाळा उशिरा आला आणि लवकर गेला. गाठीनं पुन्हा उचल खाल्ली. डॉक्टर बाईंनी सांगितलं की औषध आता काम करत नाही, बंद करू. त्यांनी मला बाहेर बोलावून सांगितलं आणि मग आत जाऊन अक्कालाही तेच सांगितलं, काही न गाळता. अक्कानं मान डोलावली. शेवटी शेवटी तिला बोलता येत नव्हतं. ती पाटीवर लिहायची, शाळेतल्यासारखी, आणि पुसून टाकायची. एकदा तिनं लिहिलं, 'निकाल लागला की सांग.' मला वाटलं, भ्रमात आहे. मग कळलं की ती संशोधनाच्या निकालाबद्दल म्हणतेय. दसऱ्याच्या आत ती गेली.

त्यानंतर मी आणि भाचा आठवड्याला फोनवर बोलायचो, आणि बोलणं फिरून तिथंच यायचं. त्याचं म्हणणं, आईला छोटा डोस मिळाला असेल तर त्यांनी तिला मारलं. "पूर्ण मिळाला असता तर ती आज असती, मावशी. मी सोडणार नाही त्यांना." मी त्याला कधी थांबवलं नाही. माझ्याही मनात तेच होतं, फक्त मी ते शब्दांत आणत नव्हते. रात्री पडल्या पडल्या मी कळशी आणि ड्रम पाहायचे. त्या दुसऱ्या शहरातल्या कॉम्प्युटरला बोट नसेल, पण तो कुणीतरी मांडला असेलच ना. वयस्कर बाई, विधवा, मराठवाड्यातली. ड्रम तिच्यावर कोण घालवील?

बराच काळ गेला. आमच्या मागची इमारत पूर्ण होऊन तिच्यात माणसं राहायला आली, आणि पाण्याची मोठी पाइपलाइन टाकायला गारखेड्यातले रस्ते खणले गेले. तेव्हा दवाखान्यातून फोन आला. संशोधन पूर्ण झालंय. छोटी मात्रा पूर्ण मात्रेइतकीच उपयोगी पडली, असं दिसलंय. आता ज्यांना परवडत नव्हतं, त्यांनाही औषध मिळू शकेल. आपल्या माणसाला कुठली मात्रा होती, हे नातेवाइकांना हवं असेल तर येऊन विचारता येईल.

भाचा म्हणाला, "जा. आणि नुसतं विचारू नकोस. बघून ये."

मी छावणीच्या बाजूनं रिक्षा करून गेले, कारण सरळ रस्ता खणलेला होता. डॉक्टर बाईंच्या केसांत पांढरं दिसू लागलं होतं. त्यांनी मला ओळखलं. म्हणाल्या, "त्यांचं ते टँकरचं अजून दाखवते मी पेशंटना. लोकांना लगेच समजतं." मग त्या कॉम्प्युटरकडं वळल्या. स्क्रीनची पाठ माझ्याकडं होती. त्यांनी काहीतरी दाबलं, वाट पाहिली, आणि माझ्याकडं पाहून म्हणाल्या, "पूर्ण. काकूंना पूर्ण मात्रा होती."

मी विचारलं, "लगेच उघडलं?"

"तुम्ही येणार म्हणून सकाळीच पाहून ठेवलं होतं."

त्यांच्या हातात पेन नव्हतं. मी त्यांच्या चेहऱ्याकडं पाहिलं. काकांसारखं मला तिकीट ओळखता येत नाही. त्या चेहऱ्यावर थकवा होता, आणि आणखी काहीतरी होतं, ते चांगुलपणा होता की खरेपणा, हे मला सांगता येणार नाही. अक्का असती तर तिनं विचारलं असतं, आता तुमचा हात लागला का? औषध देताना त्यांचा हात लागला नव्हता, हे मला आता पटलं होतं. संशोधनाचा निकाल काही त्यांच्या एकटीच्या हातातला नव्हता. पण हे शेवटचं वाक्य त्यांच्याच हातात होतं. 'छोटी' म्हटलं असतं तर मी आयुष्यभर काय घेऊन बसले असते, हे त्यांना दिसत होतं. 'पूर्ण' म्हटलं की सगळं मिटतं. बाळंतिणीच्या घराला पहिलं पाणी.

आणि हेही खरं की आमची चिठ्ठी एकदा अशीच निघाली होती, कुणी न दुमडता.

स्क्रीन माझ्याकडं फिरवा, असं म्हणायला फार काही लागत नव्हतं. त्यांनी लगेच फिरवली असती, किंवा नसती. मी आभार मानून उठले. दारापाशी त्या म्हणाल्या, "त्यांच्यामुळं पुष्कळांचं सोपं झालं, काकू." मी हो म्हटलं.

संध्याकाळी भाच्याला सांगितलं. तो म्हणाला, "पूर्ण होती?"

"हो."

"बघितलंस तू?"

"त्यांनी सांगितलं."

"म्हणजे बघितलं नाहीस."

"नाही."

"मावशी, मी तुला एक काम सांगितलं होतं."

"तुला बघायचं असेल तर तू जा," मी म्हटलं. "तुझी आई होती."

तो गेलेला नाही. कामं असतात म्हणतो. मी त्याला आग्रह केला नाही. तक्रारीचं तो आता काढत नाही. फोन मात्र पूर्वीसारखा येतो, आणि आम्ही पाण्याबद्दल बोलतो.

निकाल लागला की सांग, असं अक्कानं लिहिलं होतं. त्या दिवशी घरी आल्यावर मी तिच्या फोटोसमोर उभी राहून तो सांगितला, छोटी मात्रा पुरते एवढाच. दुसरं सांगितलं नाही.

नव्या पाइपलाइनचं पाणी आमच्या गल्लीत अजून आलेलं नाही. उन्हाळ्यात टँकर येतो. मिश्रीचा डबा माझ्याकडं आहे, आणि चिठ्ठ्या आता मी काढते.